गप्प उभं राहण्याची तालीम : बर्लिनच्या अडीचशे मुलांचं प्रकरण

शाळेतला व्यायामाचा हॉल. अंगावर रोजचेच कपडे असलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलं-मुली, आणि त्यांच्यासमोर साठीला टेकलेला एक ब्रिटिश माणूस. तो मुलांकडून अजून एकही नाचाची पायरी करून घेत नाहीये. त्याला हवंय एवढंच, की सगळ्यांनी गप्प उभं राहावं. हात बाजूला, नजर समोर, तोंड बंद. तेवढंच मुलांना जमत नाहीये. शांतता जरा जमत आली, की कोपऱ्यातून एक खुसखुस येते. ती शेजारणीला लागते, तिथून तिसरीला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तो माणूस चिडत नाही, पण सोडूनही देत नाही. परत उभं करतो.

'रिदम इज इट!' या २००४ सालच्या जर्मन माहितीपटातला हा भाग मी किती वेळा पाहिला असेल, मोजलेलं नाही. शाळेतल्या मुलांना लेझीम आणि समूहनृत्य शिकवणं हे माझं काम. 'अडलेल्या मुलांना नाच शिकवून मार्गी लावलं' या धाटणीचे चित्रपट पुष्कळ आहेत. बहुतेकांत शेवटी स्पर्धा असते, करंडक असतो, आणि आधी नाकं मुरडणारे पालक पहिल्या रांगेत डोळे पुसत असतात. या माहितीपटात स्पर्धाच नाही, करंडकही नाही. शिकवणं मात्र डोळ्यांसमोर घडताना दिसतं, त्यातल्या भांडणासकट. त्या भांडणासाठीच हे प्रकरण इथे मांडतोय.

आधी हकिगत. सर सायमन रॅटल २००२ च्या सप्टेंबरमध्ये बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे मुख्य संचालक झाले. लिव्हरपूलमध्ये जन्मलेला हा माणूस त्याआधी १९८० पासून १९९८ पर्यंत बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाबरोबर होता. जगातल्या सर्वांत मानाच्या वाद्यवृंदांपैकी एक हाती आल्यावर त्यांनी एक गोष्ट लावून धरली : वाद्यवृंदाने आपल्या सभागृहाबाहेर, शहरात जायचं. संगीत ही चैन नाही, हवा-पाण्यासारखी गरज आहे, हे रॅटल यांचं जुनं म्हणणं. ते कागदावर राहू नये म्हणून त्याच वर्षी फिलहार्मोनिकने शिक्षण विभाग सुरू केला. डॉइच बँकेने त्याला पैशांचं पाठबळ दिलं. पहिल्याच मोठ्या उपक्रमासाठी निवडलं ते रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीचं 'राइट ऑफ स्प्रिंग' हे बॅलेसंगीत, म्हणजे वसंताचा विधी. वाजवणार फिलहार्मोनिक, नाचणार बर्लिनच्या शाळांमधली अडीचशे मुलं. मुळं पंचवीस देशांतली. वयं प्राथमिक शाळेपासून विशीच्या उंबरठ्यापर्यंत. बहुतेकांचा शास्त्रोक्त संगीताशी तोवर काडीचा संबंध आलेला नव्हता.

मुलांना नाच शिकवायला आले रॉयस्टन मॅल्डूम, आणि त्यांच्याबरोबर सुझॅना ब्रॉटन. १९४३ साली लंडनमध्ये जन्मलेले मॅल्डूम स्वतः विशी ओलांडल्यावर, बॅले पडद्यावर पाहून नाचाकडे वळलेले. नर्तक घडायचा तर सात-आठव्या वर्षी सुरुवात हवी असं मानणाऱ्या क्षेत्रात हे फार उशिराचं वय. पुढे त्यांनी आयुष्य सामूहिक नृत्याला दिलं. १९९० च्या दशकात ते इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा इथे गेले आणि रस्त्यावर राहणाऱ्या शंभरहून अधिक मुलांना घेऊन त्यांनी 'कार्मिना बुराना' या कार्ल ऑर्फच्या संगीतावरचं नृत्य उभं केलं. त्यातून तिथे नृत्यशिक्षणाचं कायमचं काम सुरू झालं. बर्लिनच्या हॉलमध्ये गप्प उभं राहा म्हणणारा माणूस ही एवढी वाट चालून आलेला होता. चित्रपट पाहताना हे माहीत असलं, की त्याच्या सबुरीचा अर्थ वेगळा लागतो.

प्रयोग झाला २००३ च्या जानेवारीत, ट्रेप्टो भागातल्या अरेना नावाच्या जागेत. ही मुळात १९२० च्या दशकात बांधलेली बसगाड्यांची आगारशेड. श्प्रे नदीच्या काठाची, अवाढव्य, आत एकही खांब नसलेली. फिलहार्मोनिकचं स्वतःचं सोनेरी सभागृह शहराच्या दुसऱ्या भागात. तिथून उठून वाद्यवृंद आगारात आला. मला ही निवड फार महत्त्वाची वाटते. मुलांना मोठ्यांच्या दिवाणखान्यात पाहुणे म्हणून बोलावलं नाही. दोघेही तिसऱ्याच जागी भेटले.

तालमीपासून प्रयोगापर्यंतचा सगळा काळ टोमास ग्रूबे आणि एन्रिके सांचेस लान्श या दिग्दर्शकांनी टिपला. चित्रपट जर्मनीत चांगला चालला, आणि २००५ च्या जर्मन चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्तम माहितीपट ठरला.

ही मुलं कुठे अडली होती, हे कळायला जर्मन शाळेची रचना माहीत हवी. तिथे प्राथमिक शाळा संपली की मुलांची वाटणी व्हायची. बहुतेक राज्यांत चौथीनंतर, बर्लिनमध्ये सहावीनंतर. हुशार ठरलेली मुलं गिम्नाझियुममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वाटेवर. मधली रेआलशुलेत. उरलेली हाउप्टशुलेत. हाउप्टशुलेचा शब्दशः अर्थ 'मुख्य शाळा', पण बर्लिनसारख्या शहरात तोवर ती 'उरलेल्यांची शाळा' झाली होती. दहा-बारा वर्षांच्या पोराला मोठ्यांनी सांगून टाकलेलं असायचं की तू या रांगेतला. स्थलांतरितांची, बेकार आईबापांची मुलं याच रांगेत जास्त. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल डिसेंबर २००१ मध्ये आले आणि जर्मनी हादरली. वाचनात देश सरासरीच्या खाली. त्याहून लागलं ते हे, की घरची परिस्थिती मुलाचा निकाल ठरवते अशा देशांत जर्मनी अगदी वरच्या ओळीत होती. हे प्रकरण घडलं ते त्यानंतर जेमतेम वर्षभराने.

आता संगीत. आपल्याकडचा कान समेवर यायला शिकलेला. तबल्याचं आवर्तन कितीही आडवळणाने गेलं तरी सम येणार, तिथे मान हलणार, हा भरवसा असतो. स्ट्राविन्स्की नेमका तोच भरवसा काढून घेतो. सुरुवातीला बासून हे वाद्य त्याच्या नेहमीच्या पट्टीहून खूप वर, घुसमटलेल्या गळ्यासारखं गातं. मग थोड्या वेळाने तंतुवाद्यं एकच कर्कश स्वरपुंज धाड-धाड-धाड वाजवत सुटतात. ठोके सारखे, पण जोर कुठल्या ठोक्यावर पडेल याचा नेम नाही. तुम्ही चौथ्याची वाट बघता आणि तो दुसऱ्यावर येतो. शेवटच्या भागात तर मात्रांची मोजणी जवळपास दर खंडात बदलते. २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये निजिन्स्कीने बसवलेल्या नृत्यासह हे पहिल्यांदा सादर झालं, तेव्हा प्रेक्षागृहात आरडाओरडा आणि गोंधळ झाला होता. कसलेल्या नर्तकांची त्यावर दमछाक होते. तेच संगीत या मुलांना दिलं.

मला आधी हे अति वाटलं होतं. सोपं काही द्यावं, मुलांना चटकन जमेल असं, मग हळूहळू वर न्यावं, अशी आपली रीत. पण विचार करता करता उलगडलं, की नेम नसलेल्या ताली या मुलांना परक्या नव्हत्या. कधी जोर बसेल सांगता येत नाही अशा घरांत काहीजण वाढलेले. दुसरं असं, की कठीण संगीताला मागची मापं नसतात. चित्रपटातल्या गाण्यावर नाचताना मुलगा स्वतःला पडद्यावरच्या नटाशी ताडून पाहतो आणि हरतो. इथे ताडायला कोणी नाही. सगळेच पहिल्यांदा करणार.

या रचनेचं कथानकही विसरू नये. प्राचीन रशियातली एक टोळी. वसंत यावा म्हणून तिथे तरण्या मुलींमधून एक निवडली जाते, आणि वडीलधाऱ्यांच्या वर्तुळात ती नाचत नाचत मरते. मोठ्यांनी वर्तुळात बसून एका कोवळ्या जिवाचं भवितव्य ठरवायचं, ही गोष्ट हाउप्टशुलेतल्या मुलांनी नाचायची. चित्रपट हे बोट ठेवून दाखवत नाही. मला मात्र ते दिसल्यावर दिसेनासं झालं नाही.

तर त्या भांडणाकडे.

तालमी सुरू होऊन काही दिवस झालेत. मॅल्डूम आणि ब्रॉटन गप्पा खपवून घेत नाहीत, हसणं खपवून घेत नाहीत. कुणी अंग चोरून, हात लोंबकळत ठेवून केलं, की थांबवतात. मुलांना वैताग आलाय. काहींना हा सगळा प्रकार मूर्खपणाचा वाटतो, आणि ती तसं कॅमेऱ्यासमोर बोलतातही. मग शाळेतल्या शिक्षकांच्या बाजूने बोलणं येतं : मुलांवर फार ताण येतोय, जरा सांभाळून घ्या, त्यांना हे झेपणार नाही, ती नाउमेद होतील. बोलणारी माणसं वाईट नाहीत. ती या मुलांना रोज पाहतात, त्यांच्या घरची दुखणी जाणतात. त्यांच्या आवाजात माया आहे.

मॅल्डूम ऐकून घेतात, आणि मागे हटत नाहीत. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. मुलांना झेपणार नाही असं तुम्ही म्हणता, तेव्हा ते मुलांच्या कानावर जातं. आजवर सगळ्यांनी त्यांना तेच सांगितलंय, कधी रागाने, कधी प्रेमाने. मला त्यांच्यात कमी दिसतच नाही. मला दिसते ती क्षमता, आणि जे दिसतं तेच मी मागणार. नाचाच्या वर्गात तुमचं आयुष्य बदलू शकतं, हे त्यांचं वाक्य याच चित्रपटामुळे जर्मनीत घरोघर पोचलं. लोक ते भिंतीवर लावण्याजोगं सुभाषित म्हणून वापरतात. चित्रपटात मात्र ते घामाघूम, वैतागलेल्या पोरांना उद्देशून येतं, आणि त्यात गोडवा अजिबात नाही. तुम्ही इथे वेळ घालवायला आलेला नाहीत, हे सांगणारी ती जवळजवळ ताकीद आहे.

इथे घाई करू नये, कारण या प्रसंगाचा सोपा अर्थ लावायचा मोह होतो : कडक शिस्त बरोबर, मायाळू शिक्षक चूक. 'छडी लागे छमछम' म्हणणाऱ्यांच्या हाती हा प्रसंग आयता सापडेल. पण नीट पाहिलं तर मॅल्डूम यांच्या कडकपणात भीती घालणं नाही. शिक्षा नाही. गुण नाहीत, क्रमांक नाहीत, नापास करण्याची सोय नाही. कुणाला वेगळं काढून सगळ्यांसमोर लाजवणं नाही. ते स्वतः हॉलच्या मध्ये उभे राहतात आणि जे मागतात ते आधी स्वतःच्या अंगाने करून दाखवतात. साठीतलं शरीर, पण हात उचलला की खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत जिवंत. शिवाय ते गप्प बसा म्हणतात ते स्वतःचं ऐकून घ्यावं म्हणून नव्हे. गप्प उभं राहिल्यावर माणसाला आपलंच शरीर जाणवतं, आणि तिथूनच नाच सुरू होतो, म्हणून.

हसण्याचं तेच. पंधरा वर्षांच्या मुलीला सगळ्यांच्या देखत हात पसरायला सांगितलं की ती हसते, कारण हसली की ती उघडी पडत नाही. चुकलं तरी म्हणता येतं, मी मनापासून करतच नव्हते. हसू ही तिची ढाल. मायाळू शिक्षकाला ढाल दिसते आणि तो म्हणतो, राहू दे बिचारीला. मॅल्डूम म्हणतात, ढाल धरलेल्या हाताने नाचता येत नाही.

माझं मत मॅल्डूम यांच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. इतकं मागणाऱ्याने शेवटपर्यंत थांबलं पाहिजे. मागणं वाढवायचं आणि मूल कोसळलं की निघून जायचं, हा क्रूरपणा झाला. ते आणि ब्रॉटन रोज परत येत राहिले. शाळेतल्या शिक्षकांचा दिवस मात्र पंचेचाळीस मिनिटांच्या तासिकांत चिरलेला, पटावर मुलं भरपूर, वरून अभ्यासक्रमाचा लकडा. नाचाच्या शिक्षकाला तासन्‌तास एकाच हालचालीवर घालवता आले ही त्याची मिळकत, आणि शाळेच्या शिक्षकांना ती मिळाली नव्हती. हे त्या प्रसंगात कुणी म्हणत नाही. म्हणायला हवं होतं.

चित्रपट तीन तरुणांच्या मागे जरा जास्त राहतो. त्यांची नावं इथे घेत नाही. हाउप्टशुलेतली एक मुलगी, जिच्यापुढे शाळेची अखेरची परीक्षा कशीबशी पार पाडण्याचा प्रश्न आहे. नायजेरियातून नुकताच एकटा येऊन पोचलेला एक मुलगा, आईबाप गमावलेला, जर्मन शिकू लागलेला. आणि वयाने मोठा, स्वभावाने अबोल असा एक तरुण, ज्याला दुसऱ्याचा स्पर्श म्हणजेच मोठी अडचण. या तिसऱ्याचा धागा मला सर्वांत खोल वाटतो. समूहनृत्यात स्पर्श टाळता येत नाही. कुणाला उचलायचं असतं, कुणाच्या पाठीवर भार टाकायचा असतो, डोळे न वळवता मागच्यावर विश्वास ठेवून झुकायचं असतं. त्याच्या चेहऱ्यावरची ती घालमेल कॅमेरा जवळून, पण न बोचता पाहतो. नायजेरियाच्या मुलाची गोष्ट उलट. शब्द अपुरे असल्यामुळे वर्गात जो मागे, तो हॉलमध्ये मागे नाही. पाहायचं, अंगात घ्यायचं, करायचं, यात त्याला भाषांतराची गरज पडत नाही.

या सगळ्याच्या मधूनमधून चित्रपट फिलहार्मोनिकच्या तालमीत जातो. रॅटल घोट्यापासून केसांपर्यंत हलत वादकांना एखादी जागा पुन्हा वाजवायला सांगतात. तिथेही तेच : परत, परत, आणखी एकदा. जगातले उत्तम वादक निमूट परत वाजवतात. संकलनाची ही किमया बोलून न दाखवता मोठं काम करते. हॉलमधल्या मुलीला परत कर म्हटल्यावर आपला अपमान झाला असं वाटतं. पलीकडे कळसाला पोचलेल्या माणसांना परत सांगितलं जातंय आणि त्यांना त्यात काहीच वावगं वाटत नाही.

प्रयोगाची पस्तीसेक मिनिटं चित्रपटात सलग नाहीत, तुकडे आहेत. तेवढ्यातही दिसतं की हॉलमध्ये खांदे पाडून उभी राहणारी पोरं त्या आगारात सरळ उभी आहेत. नजर कुठेही भरकटत नाही. सगळी गप्प आहेत, आणि ती गप्प असताना समोरचे हजारो लोकही गप्प होतात.

उणिवा सांगितल्याच पाहिजेत. अडीचशेंपैकी तीनच जणांना आपण ओळखू लागतो, आणि जी मुलं मध्येच कंटाळली, ज्यांना हे नकोच होतं, त्यांचा धागा फार लवकर सुटतो. पडदा पडल्यावर पुढे काय, याला चित्रपट हात घालत नाही. एका हिवाळ्यातल्या तालमींनी हाउप्टशुलेचा शिक्का पुसला जात नव्हता. मार्च २००६ मध्ये बर्लिनच्याच नॉयकोल्न भागातल्या रुट्ली शाळेच्या शिक्षकांचं पत्र उघड झालं. ती हाउप्टशुले होती, आणि वर्गात शिकवणं अशक्य झालंय, हा शाळाप्रकारच चालू ठेवू नये असं तिचे शिक्षकच सांगत होते. हे पत्र मी या चित्रपटाच्या शेजारी ठेवून वाचतो. एका हॉलमध्ये मुलं उभी राहिली, आणि त्याच शहरात दुसऱ्या शाळेत शिक्षकांना उभं राहवेना. दोन्ही खरं. बर्लिनने २०१० मध्ये हाउप्टशुले आणि रेआलशुले एकत्र करून नव्या प्रकारची माध्यमिक शाळा आणली. ते काम धोरणाचं होतं, नाचाचं नव्हे. नाचाकडून तेवढी अपेक्षा ठेवणं हा नाचावर अन्याय आहे. नाचाच्या बाजूने मोठं काम झालं ते २००५ ते २०१० या काळात, जेव्हा जर्मनीच्या संघीय सांस्कृतिक प्रतिष्ठानने टान्झप्लान ही योजना राबवली. मुलांसाठी आणि शाळांसाठी नृत्य हा तिच्यातला एक मोठा भाग होता.

माझ्या हॉलमधलं एक सांगतो. आमच्या लेझीम पथकात आठवीतली एक मुलगी होती. 'चार आवाज' तिला यायचा, 'दो रुख'ला गडबडायची, 'आगे फलांग'ला थांबूनच जायची आणि शेजारणीकडे बघून हसायची. घरची परिस्थिती मला ठाऊक होती. मी तिला शेवटच्या रांगेत, भिंतीच्या बाजूला घेतलं आणि म्हटलं, तुला जमेल तेवढं कर हं बाळा, चुकलं तरी चालेल. दोन वर्षं मी तिला हेच म्हणत होतो. यात आपण काही चांगलं करतोय असंच मला वाटायचं.

चित्रपटातला तो वाद पाहिला त्या आठवड्यात मी तिला दुसऱ्या रांगेत आणलं. हलगीवाल्याला थांबायला सांगितलं. लेझमीच्या चकत्या वाजू न देता सगळ्यांना उभं केलं. लेझीम हातात धरून तिचा आवाज न होऊ देणं किती अवघड असतं, ते करून पाहणाऱ्यालाच कळेल. श्वास जोरात घेतला तरी ती किणकिणते. पहिल्या दिवशी वीस सेकंदही जमलं नाही. ती हसली, मी थांबलो, परत उभं केलं. ती रडली. मी तरी थांबून राहिलो, आणि खरं सांगतो, माझेही हात थरथरत होते, कारण चूक माझी असण्याची शक्यता होतीच.

चौथ्या की पाचव्या दिवशी हॉलमध्ये चाळीस लेझमी एकदम मुक्या झाल्या. बाहेरच्या रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज आत ऐकू आला. हलगीवर थाप पडायच्या आधी तीच म्हणाली, "सर, 'आगे फलांग'पासून घ्या."